राजाजीनगरातलं मिक्स्ड कंडिशनल

मुलगी पाहायला गेलो आणि तिला मी इंग्रजी व्याकरण विचारलं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. दिवसा मी कचेरीत कारकून, आणि संध्याकाळी चामराजपेटेतल्या आमच्या माडीवर एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे मॅट्रिकच्या, मुलांचा इंग्रजीचा मास्तर. त्या आठवड्यात मिक्स्ड कंडिशनल चाललं होतं. म्हणजे अट कालची, परिणाम आजचा. ‘मी लहानपणी नीट जेवलो असतो, तर आज हा कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसला नसता,’ असली वाक्यं मी स्वतःवरच रचत असे. मुलं खूश.

रविवारी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मला आमच्याच शहरातल्या राजाजीनगरात मुलीच्या घरी घेऊन गेली. मुलगी उप्पिटाच्या बशांचं तबक घेऊन बाहेर आली आणि मला पाहताक्षणी आवडली. तिथंच घोटाळा झाला. ही आपल्याला हो म्हणेल का, या काळजीनं माझं डोकं पार कोरं झालं.

तिचे वडील म्हणाले, “विचारा की काहीतरी. संकोच नको.”

रिवाज असा, की नाव विचारायचं, फार तर स्वयंपाकाचं विचारायचं. मी घसा खाकरला. “एक मिक्स्ड कंडिशनल वाक्य करून सांगा.”

अक्कानं डोळेच मिटले.

मुलीनं तबक शांतपणे खाली ठेवलं आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की आईच्या आजारपणात माझं कॉलेज सुटलं नसतं, तर आज त्या खुर्चीत बसून प्रश्न मी विचारत असते.

शहाण्या माणसानं इथं तिच्या कॉलेजबद्दल दोन शब्द बोलावेत. मी म्हणालो, “करेक्ट. आता दुसरं.”

अक्काचं कोपर बरगडीत बसलं. “मुडद्या, पेपर काढायला आलायस का इथं?”

तेव्हा कुठं मला कंठ फुटला. “कॉलेज... अजून करता येईल की. लग्नानंतरसुद्धा. म्हणजे, केलंत तर मला आवडेल.”

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. “सरी, ठीक आहे. तू काय म्हणतेस?”

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“कॉलेजला पाठवणार असतील तर माझी तयारी आहे, अण्णा. फक्त इंग्रजीची शिकवणी दुसरीकडे लावा. प्रश्न विचारताना या मास्तरांचेच पाय लटपटत होते.”