अंड्यातलं पांढरं

लेक पुण्याहून बारकं पोमेरेनियन घेऊन आली, आमच्या पदरात टाकलं आणि जाताना बजावून गेली, "आई, ह्या जातीला प्रोटीन भरपूर लागतं. दूध-भाकरीवर ठेवू नको." मला शिकवते! जिंतूर तालुक्यात अंगणवाडी चालवण्यात माझा जन्म गेला. गरोदर बायांना कडधान्यं खा, अंडी खा, सांगून सांगून घसा बसला. आता कुत्र्याची पाळी.

तिनं आणलेल्या पाकिटातले दाणे त्यानं हुंगले आणि तोंड फिरवलं. सोयाबीनच्या वड्या शिजवून घातल्या, तर पोट बिघडलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, उकडलेलं अंडं द्या, बिनमिठाचं. ते तर घरात रोजच उकडत होतं. आमच्या ह्यांच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसला एसटीनं परभणीला जावं लागायचं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं, अंड्यातलं पांढरं तेवढं खायचं, पिवळं बंद. अंगात प्रथिनं राहिली नाहीत तर शरीर डायलिसिस सोसणार नाही. मग काय, पांढरं ह्यांना आणि पिवळं कुत्र्याला. काहीच वाया जात नाही म्हणून मी लय खूश.

कुत्रं बघता बघता भरलं. शेजारीण विचारायची, "काय खाऊ घालता हो?" मी ऐटीत सांगायची. हे मात्र वाळत चाललेले. दुखणंच तसं, असं मी मनाला समजावत होते. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर माझ्यावरच घसरले. "ह्यांना खायला देता की नाही?" सगळ्यांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना एसटीत बोरी गाव मागं पडेपर्यंत मी ह्यांच्याकडं पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी पिवळं वाटीत टाकलं, तर कुत्र्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते ह्यांच्या खुर्चीपाशी मान वर करून बसलं होतं. मी भाकरी तव्यावर तशीच सोडून दाराआड उभी राहिले. ह्यांनी पांढऱ्याचा तुकडा मोडला, फुंकर घातली आणि खाली धरला.

"अहो, काय करायलात हे? जीव द्यायचाय का?"

ह्यांनी हात मागं घेतला नाही. "मला गिळवना गं," म्हणाले. "तोंडाजवळ नेलं की मळमळतंय. तू एवढं राबतीस, ताट माघारी कसं लावू? हे बघ की, किती आवडीनं खायलंय. कुणाच्या तरी अंगी लागू दे."

भांडायला म्हणून गेले होते. तिथंच फरशीवर बसून रडले. मागं भाकरी करपली.

त्यानंतर लिंबू पिळून, मिरपूड घालून, माझ्या हातानं भरवून पाहिलं. माझं मन राखायला दोन घास घ्यायचे आणि मोरीत जाऊन ओकायचे. उन्हाळा सरायच्या आत हे गेले.

लेक म्हणाली, कुत्रं मी नेते. मी नेऊ दिलं नाही. पण त्याच्याकडं बघवतही नव्हतं. त्याच्या पाठीवर हात ठेवला की हाताला लागायचं ते मांस ह्यांचं होतं. राग यायचा, खोटं कशाला बोलू? वाटायचं, तुला जायला काय झालं होतं? ते बिचारं कोपऱ्यात पडून राहायचं, तोंडाला काही लावायचं नाही.

शेवटी एका सकाळी मी एकच अंडं उकडलं. पिवळं-पांढरं वेगळं केलं नाही, सगळंच कुस्करून त्याच्यापुढं ठेवलं.

"खा बाबा, खा," म्हटलं. "आता वाटेकरी कुणी न्हाई."