वाकळीचे चार कोपरे

धुरपताबाईवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आमचं गाव देगलूरच्या पुढं, मांजरा नदी ओलांडली की तेलंगणा. ही बाई दर आठवड्याला पलीकडं जाते, मराठीइतकंच तेलुगू बोलते आणि दोन्ही काठांवरच्या बायकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवते. घरोघरचं अंगावरचं कापड जिच्या पिशवीत, तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

आमच्याकडं जुनं लुगडं बाहेर देताना पदराचा कोपरा फाडून घरात ठेवतात. अंगावरच्या कापडावर भानामती करतात म्हणे. कोपरा आपल्यापाशी असला की ती लागत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी आईनं कोपरा फाडला तेव्हा तिला अडवलं नाही.

माझी बहीण सिंधु पलीकडच्या गावात दिलेली. दोन वर्षांमागं नदीतल्या वाळूवरून दोन्ही गावांत डोकी फुटली आणि येणं-जाणं तुटलं. फोन व्हायचा, तोही चोरून. यंदा तिला मुलगी झाली. आईनं पाठवलेला बाळंतविडा तिच्या सासूनं, पोशव्वानं, न उघडता परत धाडला. नातीच्या अंगावर आजोळचं एक तरी कापड पडावं, एवढाच आईचा ध्यास.

शेवटी तिनं कोपरा फाडून आपलं मऊ लुगडं धुरपताबाईच्या हवाली केलं.

"पोशव्वाच्या लुगड्यासंगं शिवते. निम्मं त्यांचं, निम्मं तुमचं," ती म्हणाली.

"आणि तिकडं त्याच्यावर कुणी काही केलं तर?" मी विचारलं.

"मास्तर, आमच्या घरात देव्हारा न्हाई की अंगारा न्हाई. म्हणून तर दोन्हीकडच्या बायका मलाच कापड देतात."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला जास्तच संशय आला.

महिन्यानं ती वाकळ घेऊन आली. टाका असा बारीक की नाव ठेवायला जागा नाही. दोन कोपरे मात्र तुटके. एक आईच्या लुगड्याचा, एक पोशव्वाच्या.

"तिनंबी फाडूनच दिलं?" आई म्हणाली.

"हाव. म्हणती, सिंधुच्या मायनं कोपरा ठिवून घेतलाय, म्हंजी पोटात काहीतरी हाय. तो आला तरच लेकरावर घालीन."

"आन तिचा?"

"तुमचा आला की देते म्हणली."

"यात डाव आहे," मी म्हणालो. "आई, आधी त्यांचा येऊ दे."

आईनं पेटी उघडली. तळाशी चिंधीत बांधलेला कोपरा काढला. क्षणभर तो मुठीत घट्ट धरला. मलाही खरंच भीती वाटली, विज्ञान-बिज्ञान सगळं विसरून.

"सुदाम, ती मला भिऊन राहिली, मी तिला. कुणीतरी आधी द्यावंच लागंल की."

तिनं कोपरा धुरपताबाईच्या हातावर ठेवला.

आठ दिवस सिंधुचा फोन नाही. धुरपताबाईही फिरकली नाही. आईचं जेवणात लक्ष लागेना. त्या आठ दिवसांत मी धुरपताबाईबद्दल काय काय बोललो, ते आता सांगवत नाही.

नवव्या दिवशी मोबाइलवर फोटो आला. अंगणातल्या बाजेवर वाकळ पसरलेली, तिच्या मधोमध झोपलेलं लेकरू, शेजारी पोशव्वा. मी फोटो मोठा केला आणि कोपरे मोजले. चारही होते. तरी पुन्हा मोजले.

"सरक की मुडद्या," आई म्हणाली, "पोरीचं तोंड तर बघू दे."