खोड सांगून घेतलेला विमा

जनावरांच्या बाजारात मी मिसरूड फुटायच्या आधीच उतरलो. बापाच्या गोठ्यात एक गाय होती, तीही दुसऱ्याची, वाट्यानं पाळलेली. पुढं शिनोलीत स्वतःचं घर बांधलं ते बैलांच्या खरेदी-विक्रीवर. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणारी खोंडंही मी विकली. बेल्ह्याच्या बाजारात आजही माझ्यापुढं बैल उभा करताना माणूस जरा सावरून उभा राहतो.

या धंद्यात एक रीत आहे. विकणारा आपल्या जनावराची खोड सांगत नाही. बैल मारका असेल, कामात मधेच बसणारा असेल, उन्हात धापा टाकणारा असेल, ती खोड घेणाऱ्यानं हुडकायची. हुडकली तर भाव खाली येतो. नाही हुडकली तर पुढचं त्याचं तो बघेल. यात कुणी कुणाला लबाड म्हणत नाही.

हीच रीत मी आमच्या मंडळींच्या आरोग्य विम्याला लावली. त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. चुकलं ते भाच्याचं.

भाचा एका विमा कंपनीचा एजंट होता. ओट्यावर बसून त्यानं विचारलं, “मामीला काय आजार?” मी म्हणालो, “नाय.” हिला मधुमेह आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरचा बिनसाखरेचा चहा पिऊन तो मोठा झालेला. तो नुसता हसला आणि “नाही” लिहून मोकळा झाला. पुढं हिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात भरती करताना डॉक्टरनं विचारलं, तर ही भोळेपणानं म्हणाली, “साखरंची गोळी लई वर्सं चालू हाये.” डॉक्टरनं ते लिहिलं, कंपनीनं ते वाचलं. दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. भाच्याला जाब विचारला, तर म्हणतो, “मामा, तुमीच तर नाय म्हनले व्हते.” त्या दिवसापासून तो माझ्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. मीही बोलावलेलं नाही.

मी सत्तरी ओलांडली आहे, माझ्याकडं त्या वयाचं फुकट उपचाराचं सरकारी कार्ड आहे. हिला त्या कार्डाला अजून काही वर्षं बाकी. घोडेगावच्या डॉक्टरनं हिला तपासून सांगितलं, “आत्ता काळजीचं काही नाही, पण वय आणि साखर बघता यांच्या पाठीशी काहीतरी ठेवा.” वरच्या शेताचा बांध चढताना ही हल्ली मधेच टेकते. मला ते दिसत होतं. पुन्हा दवाखान्याची पाळी आली आणि पाठीशी काही नसलं, तर काय, या एका विचारानं मी चिडलेला असायचो.

विम्याची नवी बाई हिनंच शोधली. जुन्नरला डोळ्यांच्या शिबिरात रांगेत ओळख झाली, तिथंच हिनं आपली साखर आणि माझं कार्ड दोन्ही सांगून टाकलं. माहेर डिंगोऱ्याचं, जुन्नरच्या पेठेत दिलेली. कुठल्या एका कंपनीची नाही, चार-पाच कंपन्यांचं काम करते. हे ऐकून मला जास्तच शंका आली. एका मालकाचा माणूस निदान कुणाचा आहे ते कळतं. चौघांचा असतो तो जिकडं जास्त मिळेल तिकडं झुकतो. मी स्वतः दलाल आहे, मला कोण शिकवणार?

ती आली, तेव्हा पाणी द्यायच्या आधीच मी विचारलं, “तुमाला कमिशन कोन देतं?”

“कंपनी देते, काका.”

“कुठली जास्त देते?”

“थोडाफार फरक असतो. सांगते की. ही जास्त देते, ही कमी.” तिनं दोन कागद पुढं सरकवले. “आणि ही जी जास्त देते ना, ती काकूंसाठी घेऊ नका. साखरेच्या आजाराचे पैसे द्यायला लई वर्सं थांबवती.”

मी मनात म्हणालो, पक्की आहे. एक माल आपणच वाईट म्हणून विश्वास कमवायचा आणि मग दुसरा गळ्यात घालायचा, हे आम्हीही करतो.

“आन् माझ्यासाठी कोनती?”

“तुमचं सरकारी कार्ड हाये ना? मग आत्ता पैसे घालू नका. आधी ते कुठं कुठं चालतं ते बघू. त्यात मला काही मिळत न्हाई, पण बघून देते.”

गिऱ्हाईक समोर बसलंय आणि बाई माल विकायला तयार नाही. असा विकणारा मी उभ्या बाजारात पाहिलेला नाही. मी आणखी एक खडा टाकून पाहिला. “आमच्या गावात बाकीचे एजंट पयल्या वर्साचं कमिशन गिऱ्हाइकाला परत देत्यात. तुमी किती देनार?”

“काहीच न्हाई. ते कायद्यात बसत न्हाई.”

“म्हंजी मी दुसऱ्याकडं जातो.”

“जा की,” ती म्हणाली आणि हिच्याकडं वळून चहा चांगला झालाय म्हणाली. बिनसाखरेचाच होता.

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. वय, वजन, ऑपरेशनं. साखर मी आपणहून सांगितली, कारण ती आता लपणार नव्हती. पुढं तिनं विचारलं, “याआधी कुठल्या कंपनीनं पॉलिसी नाकारली, रद्द केली?”

“नाय,” मी म्हणालो.

“हाये की,” स्वयंपाकघरातून ही म्हणाली. “केलीया ना रद्द. तुमच्या भाच्यानं काढल्याली.”

माझा आवाज चढला. “तुला इचारलं कुनी? दर येळी तूच घात करती! दवाखान्यात पन तूच बोलली!”

बाईनं पेन खाली ठेवलं. “काका, रद्द झाल्याली माहीत असून मी ‘नाही’ लिवणार न्हाई. लिवणारा कुणी मिळंल तुमाला. पण उद्या काकू दवाखान्यात असतील आणि तो फोन उचलणार न्हाई.”

“खोड सांगितली तर घेतंय कोन?” मी ओरडलो.

“एखादी घेईल, एखादी न्हाई घेणार. विचारल्याशिवाय कसं कळंल?”

“मंग निघा,” मी म्हणालो. तिनं पिशवी उचलली, चपला घातल्या, हिला हात केला आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

ही पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं रडेल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आवं, बगा की नीट. दात मोजा. शेपटी उचला. मी काय बैल हाये का, माझी खोड झाकाया?”

“तुझ्यासाठीच करतोय.”

“माझ्यासाठी करताय, तर घेनार कोन आन् इकनार कोन ते तरी सांगा. तुमी कंपनीला मला इकताय, का कंपनीकडनं काय घेताय?”

 एवढं बोलून हिनं फोन लावला आणि बाईला थांब्यावरून परत बोलावलं. बाई आली. मी ओट्यावर बसून राहिलो आणि सगळं ऐकलं. रद्द झालेली पॉलिसी, तिचं कारण, गोळीचं नाव, पित्ताशय, धाप, सगळं हिनं सांगितलं. न विचारता गुडघाही सांगितला.

पहिल्या कंपनीनं सरळ नाही म्हटलं. मी हिच्याकडं बघितलं. दुसरीनं पुन्हा रक्त तपासायला लावलं, मग फोनवर एका मुलीनं हिंदीत सगळे प्रश्न परत विचारले. ही मोडक्या हिंदीत उत्तरं देत होती आणि मी शेजारी बसून आतल्या आत जळत होतो. शेवटी त्या कंपनीनं घेतलं. हप्ता वाढवून घेतलं, पण घेतलं.

पॉलिसी आली तेव्हा मी बाईला बोलावून म्हणालो, “आता यात कुठं कुठं फसवलंय तेवढं वाचून दाखवा.”

ती न रागावता वाचू लागली. साखरेमुळं काही झालं तर दोन वर्षं कंपनी देणार नाही. दर बिलातला थोडा हिस्सा आपला. खोलीचं भाडं ठरलेल्या रकमेपुढं गेलं तर बाकीच्या बिलालाही कात्री. हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी भडकलो. ही म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा भाच्याला शिव्या देत होता.

“आन् मी पाय घसरून पडले तर?” हिनं विचारलं.

“ते पहिल्या दिवसापासून, काकू. अपघाताला थांबायचं न्हाई.”

“मंग काय, दोन वर्सं नुसती पडत ऱ्हाते,” ही म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

मला हसू आलं नाही. अपघाताची ती ओळ मी बाईकडून पुन्हा एकदा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून मोरीतली गुळगुळीत फरशी उखडली आणि खडबडीत बसवली. अपघाताला देऊ म्हणतात, पण कंपनीचं काय सांगावं?