चौघांचं ताट

बाईंच्या हातात दिवसभर कात्री असते, म्हणून गल्ली त्यांना कात्रीबाई म्हणते, असं नव्या माणसाला वाटायचं. जुन्यांना खरं कारण ठाऊक होतं. कात्रीला निदान अधूनमधून धार लावावी लागते. बाईंच्या जिभेला तीही गरज नव्हती.

आई गेली तेव्हा बाई जेमतेम वयात आल्या होत्या आणि पाठीवर दोन भाऊ, एक बहीण. शिलाईच्या मशीनवर त्यांनी तिघांना वाढवलं, शिकवलं, त्यांची लग्नं लावून दिली. स्वतःचं राहूनच गेलं. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की त्या म्हणत, "नवरा कुठे बसवणार होते मी? घरात तीन-तीन जण डोक्यावर बसले होते!" तिघांना वाढून झालं की ओट्याशी उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलायचे, ही त्यांची सवय. पुढे एकेक जण आपापल्या संसाराला लागला, घर रिकामं झालं, पण बाई काही खाली बसल्या नाहीत.

त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली एका जोडप्याने ग्रीक हॉटेल काढलं. हॉटेल कसलं, सहा टेबलं आणि निळ्या रंगाच्या खुर्च्या. नवरा आत रांधायचा, बायको बाहेर गिऱ्हाईक सांभाळायची. बाईंनी आठवडाभर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एके दिवशी दुपारी त्यांनी एका नवरीचा लग्नाचा पांढराशुभ्र झगा इस्त्रीला घेतला आणि वाफेबरोबर लसणाचा, लिंबाचा आणि भाजल्या मटणाचा असा काही भपकारा नाकात शिरला की त्यांचं डोकंच फिरलं. झगा खांद्यावर टाकून त्या तरातरा जिना उतरल्या.

"मालक कोण इथे?" त्यांनी दारातूनच विचारलं. जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले. "हा झगा घालून पोरगी लग्नाला उभी राहणार आहे. लोकांनी तिला आशीर्वाद द्यायचे, की तिच्यावर लिंबू पिळायचं?"

मालकीणबाई लगबगीने पुढे आली. तिने झगा हातात घेतला, हुंगला, आणि तिचं तोंड खरंच उतरलं. "चुकलंच आमचं. धुराडं तुमच्या खिडकीकडे काढलंय, ते उद्याच फिरवून घेते. पण ताई, तुम्ही जेवलात का?"

"मी भांडायला आलेय."

"मग भांडा ना. पण बसून भांडा. उपाशीपोटी आवाज लागत नाही."

आजवर भांडणात त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बसल्या. मालकीणबाईने झगा दारामागच्या खुंटीवर नीट टांगला आणि मेन्यूकार्ड पुढे ठेवलं. त्यातली नावं वाचताना जिभेला गाठी पडत होत्या, पण विचारेल ती कात्रीबाई कसली! कार्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे होतं त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे."

"हे? नक्की?"

"का? मला पचणार नाही असं वाटतंय?"

ताट आलं ते मालकाने दोन्ही हातांनी धरून आणलं. त्यात पिटा म्हणजे जाडसर गरम रोट्यांची चळत होती, काकडी-लसूण घातलेलं घट्ट दही, ऑलिव्ह, पांढऱ्या चीजचे तुकडे, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात आणि सळईवर भाजलेलं मटण. टेबल दिसेनासं झालं. ते ताट चौघांचं होतं.

चूक कबूल करणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. शेजारच्या टेबलावर एक बसड्रायव्हर एकटाच वाटीभर सूप पीत होता. खिडकीशी रात्रपाळी करून आलेली एक नर्स हनुवटीला हात लावून पेंगत होती.

"अहो ड्रायव्हर," बाई कडाडल्या, "एवढ्या मोठ्या देहाला वाटीभर सूप? इकडे या. आणि तू गं, झोपायचं असेल तर घरी जा, नाहीतर इथे येऊन जेव."

दोघं एकमेकांकडे बघत मुकाट्याने उठले. त्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. मालकीणबाई मजा बघत उभी होती, तिलाही बाईंनी ओढून बसवलं. "तू पण. सकाळपासून उभीच असशील."

सगळे जेवायला लागले. मग ड्रायव्हरने पानात गुंडाळलेल्या भाताचं पान सोलून बाजूला ठेवलं, तसं मालकीणबाईने कपाळावर हात मारला. "अहो, ते पानासकट खायचं!"

"मला वाटलं पॅकिंग आहे," तो बिचारा म्हणाला.

नर्सला ठसका लागला. ती हसता हसता टेबलावर आडवी व्हायची बाकी राहिली. आणि कात्रीबाई? त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी खांद्यावरची मापाची टेप घेतली. दह्याची वाटी त्यांनी पुसून खाल्ली. मधेच मालकाने येऊन न विचारता गरम रोटी वाढली, तेव्हा मात्र त्या क्षणभर थबकल्या. आपल्या ताटात आपण न मागता कुणी वाढलंय, हे शेवटचं कधी घडलं होतं ते त्यांना आठवेना.

वर गेल्यावर लक्षात आलं, की झगा खालीच राहिला आणि भांडणही. दुसऱ्या दिवशी त्या झगा आणायला गेल्या, तर मालकीणबाईने तो रात्रभर मागच्या अंगणात वाऱ्यावर ठेवून वास घालवला होता. भांडायला काही उरलंच नाही. म्हणून बाई पुन्हा जेवल्या.

मग तो पायंडाच पडला. दर गुरुवारी दुपारी बाई मशीन बंद करून खाली यायच्या, मोठं ताट मागवायच्या आणि एकटं जेवणाऱ्याला हाका मारायच्या. ड्रायव्हर ड्यूटी बदलून घेऊन यायला लागला. धुराडं केव्हाच पलीकडे फिरलं होतं. मालकाने एकदा भीत भीत विचारलं, "आता वर वास येत नाही ना?"

"येत नाही ना! म्हणून तर खाली यावं लागतं," बाई म्हणाल्या.

एका गुरुवारी धाकटा भाऊ न कळवता आला. वर कुलूप बघून तो घाईघाईने जिना उतरायला लागला. खालून ओळखीचा आवाज आला, "त्या कोपऱ्यातल्या भाऊसाहेबांना कुणीतरी बोलवा रे!" म्हणून तो डोकावला. ताई खुर्चीवर ऐसपैस बसली होती आणि ड्रायव्हर तिच्या ताटात वाढत होता.

भाऊ दारातच उभा राहिला. "ताई, तू बसून जेवतेस?"

"मग काय लोंबकळून जेवू?" बाई म्हणाल्या. पण त्याचे डोळे भरलेले बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "ये रे. हात धुऊन ये."

त्या दिवशी त्याने वाढायला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ताईला रोटी त्याने वाढली, दही त्याने वाढलं, पाण्याचा पेलाही त्यानेच भरला. बाई दर घासाला "पुरे रे" म्हणत होत्या आणि ताट काही मागे सरकवत नव्हत्या.

गिऱ्हाइकं वाढली, तसं मालकाने मधली तीन टेबलं जोडून एकच लांब टेबल केलं. बाईंनी त्या टेबलावर घालायला मापाचं कापड शिवून दिलं. ड्रायव्हर हल्ली गुरुवारी लवकर येतो आणि बाईंच्या शेजारची खुर्ची अडवून ठेवतो. नर्सने एकदा मुद्दाम विचारलं, "ही जागा रिकामी आहे का हो?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले, आणि कात्रीबाई आयुष्यात पहिल्यांदा लाजल्या.