घरी वळणाऱ्या बायांची नावं

नवरा गेल्यावर सिन्नरच्या विमलाबाई विडी कारखान्याच्या मालकीण झाल्या. माहेरी आईशेजारी बसून त्यांनी स्वतः विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्यावर कंबरेचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कारखाना लहानच. आत मोजकी माणसं. बाकीचं काम गावातल्या बाया आपापल्या घरी करायच्या. पान-तंबाखू घेऊन जायच्या आणि वळलेल्या विड्या आणून द्यायच्या.

सत्त्याहत्तर साली विडी कामगारांना प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. वर्षअखेरीला मालकानं आपल्या सगळ्या कामगारांची नावं घालून नाशिकच्या कचेरीत विवरणपत्र भरायचं आणि प्रत्येकाच्या फंडात आपलाही वाटा घालायचा, असा नियम आला. त्यावर गावातल्या कारखानदारांची बैठक सावळीरामशेठच्या ओसरीवर भरली. शेठ सगळ्यांत मोठे. विडीला लागणारं टेंभुर्णीचं पान सगळ्यांना त्यांच्याच गोदामातून मिळायचं.

"घरी वळणाऱ्या बाया आपल्या कामगार नाहीत," शेठ म्हणाले. "घरात बसून काय करतात, आपल्याला काय माहीत? रिटर्नमध्ये फक्त कारखान्यातली नावं घालायची. सगळ्यांनी एकसारखं."

"विडी खराब निघाली की छाट कोण काढतं, शेठ?" विमलाबाईंनी विचारलं.

"आपणच काढतो."

"मग छाट काढताना ती बाई आपली, अन् फंडाच्या वेळी कुणाची?"

शेठ हसले. "वहिनी, तुम्ही नवीन आहात."

घरी येऊन विमलाबाईंनी मुनीम निवृत्तीला बोलावलं. घरी वळणाऱ्या बायांची नावं लिहा म्हणाल्या. निवृत्ती डोकं खाजवत राहिला. बऱ्याच बायांची धड नावंच त्याला ठाऊक नव्हती. कुणी शेवंताची आई, कुणी खालच्या गल्लीतली थोरली. मग विमलाबाई स्वतःच दारोदार निघाल्या.

पहिलाच दरवाजा लंकाबाईचा. गावात तिच्याइतकी सफाईदार विडी कुणी वळत नसे. तिनं हातातलं पान खाली ठेवलंच नाही.

"माझं नाव नका लिहू, मालकीणबाई. शेठनी निरोप धाडलाय. नाव दिलं त्या बाईला कुणीच काम द्यायचं नाय म्हणून."

"मी देईन."

"अन् तुम्हाला पान कोण देनार?"

विमलाबाई उंबऱ्यावर बसल्या. लंकाबाईच्या सुपातलं पान उचलून वळू लागल्या. सवय मोडलेली, पहिली विडी वाकडीच झाली. लंकाबाईला हसू आलं.

"माझी आई डोळे जाईस्तोवर वळत होती," विमलाबाई म्हणाल्या. "मग मालकानं सांगितलं, ही कोण बाई, मी ओळखत नाही. मला तसं तोंड फिरवायचं नाही, लंके. मला तुला ओळखायचंय."

लंकाबाईनं हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "लंकाबाई केरू. नीट लिवा. नवरा रागवला तर रागवू दे."

तिनं दिल्यावर आणखी बायांनी नावं दिली. काहींनी मात्र दारं लावून घेतली.

एप्रिल संपताना विमलाबाई एसटीनं नाशिकला आल्या. कचेरीतल्या बाबूनं कागद चाळले. "बाई, एवढी नावं? तुमच्या गावच्या बाकीच्यांनी घरच्या बाया दाखवल्याच नाहीत. हे प्रकरण कोर्टात जायचं आहे. थांबा थोडं."

"कोर्टाला वेळ लागेल. माझ्या बाया आज विड्या वळताहेत. आवकचा शिक्का मारा."

"साहेब जेवायला गेलेत."

"येऊ देत." त्या बाकावर बसून राहिल्या. साहेब आले, कुरकुरले आणि शेवटी शिक्का बसला.

पुढच्याच आठवड्यात शेठच्या गोदामानं पान बंद केलं. विमलाबाई तिथं जाऊन उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "घरी वळणाऱ्यांची नावं गाळायला एक दुरुस्तीचा अर्ज द्या, पान लगेच सुरू."

"पान झाडाला येतं, शेठ. तुमच्या गोदामात उगवत नाही."

संगमनेरच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी चढ्या भावानं पान आणलं. धंदा आटत गेला, हातातल्या पाटल्या गेल्या, पण दर एप्रिलला विवरणपत्र गेलं आणि त्यातलं एकही नाव गळलं नाही. निवृत्ती म्हणायचा, "बाई, आपण बुडतोय." त्या म्हणायच्या, "बुडू. पण खोटं लिहून नाही."

पंच्याऐंशीत कोर्टानं घरी वळणाऱ्या बायांनाही फंडाचे कामगार मानलं. निकालाचे पेढे विमलाबाईंनी वाटले खरे, पण तोवर त्यांचा कारखाना तग धरण्यापलीकडे गेला होता. वर्षभरानं त्यांनी तो बंद केला. बायांचा फंड मार्गी लावला आणि मगच कुलूप घातलं. त्या रात्री त्या खूप रडल्या, असं निवृत्ती सांगायचा.

लंकाबाई आणि बाकीच्या जणी सावळीरामशेठकडे काम मागायला गेल्या. शेठचा मुनीम पान मोजू लागला.

"आधी नाव लिवा," लंकाबाई म्हणाली.

"ते बघू मग."

लंकाबाईनं रिकामं सूप काखेत मारलं आणि पायरीवर बसकण मारली. मागच्या सगळ्या जणी तिच्या शेजारी बसल्या. दुपारी शेठ स्वतः बाहेर आले आणि मुनिमाला म्हणाले, "घे रे बाबा यांची नावं."