दहावीत बसलेले पालक

तिकोणे सरांचं आडनाव तिकोणे आणि विषय भूमिती, यावर मावळात होऊ शकतील तेवढे सगळे विनोद अठ्ठावीस वर्षांत होऊन गेले होते. भिकाजी तिकोण्यांनी त्यातल्या एकालाही कधी दाद दिली नव्हती. औंढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या हायस्कुलात ते रोज साडेदहाला यायचे, कंपास न घेता फळ्यावर गरगरीत वर्तुळ काढायचे, "शंका आहे का?" म्हणून विचारायचे, आणि कुणालाच शंका नसायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तीही अशीच बिनशंकेची जातील असं ते धरून चालले होते.

तेवढ्यात तालुक्याहून पत्र आलं. यंदापासून दहावीचं गणित मोबाईलवर. सरांनी शिकवायचं, प्रश्न अ‍ॅपवर यायचा, प्रत्येक मुलानं आपापल्या मोबाईलवर वीस सेकंदांत उत्तर दाबायचं. किती जणांनी दाबलं ते तास संपता संपता तालुक्याला कळणार. ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं तर शिक्षकानं लेखी खुलासा द्यायचा.

"पण मॅडम," सर मुख्याध्यापिका यशोधराबाईंना म्हणाले, "शाळेत मोबाईलला बंदी आहे. दारावरची पाटी मीच रंगवलीय."

"पाटी राहू दे," मॅडम म्हणाल्या. "खाली 'गणिताचा तास सोडून' एवढं रंगवा."

सरांनी रंगवलं. पण वर्गातल्या बावीस मुलांपैकी स्वतःचा मोबाईल होता पाच जणांकडे. बाकीच्यांच्या घरात एकेकच फोन, आणि तो आईबापाच्या कामाचा. ठाकरवाडीचा नवशा बंगल्यांच्या बांधकामावर मजुरीला जायचा. मुकादमाचा फोन चुकला तर दिवस चुकला. त्यानं पोरीला, करिष्माला, स्पष्ट सांगितलं, "फोन येईल शाळंत. पन फोनसंगं मी बी येईन."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि लेकीशेजारी बाकावर बसला. त्याच्यामागे पुतळाबाई आली. लोणावळ्यात तीन बंगल्यांची धुणीभांडी तिच्याकडे होती आणि तिन्ही मालकिणी तिला फोनवरच हाका मारायच्या. मग शनिवार-रविवारी पाहुण्यांना दोन खोल्या भाड्यानं देणारा गेणू आला. आठवडाभरात बावीस मुलं आणि सतरा पालक असा वर्ग भरायला लागला. बाक पुरेनात. मोठ्या माणसांना उभं कसं ठेवायचं, म्हणून मुलं मागच्या भिंतीला टेकून उभी राहू लागली.

आणि फोन वाजू लागले. सर "समजा, एबीसी हा त्रिकोण" म्हणाले रे म्हणाले, की कुठल्यातरी खिशातून आरती सुरू व्हायची. गेणू हळू आवाजात बोलतोय असं समजून साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगायचा, "साहेब, मी आत्ता दहावीत बसलोय. मधल्या सुट्टीत करा." पुतळाबाई उठून अदबीनं विचारायची, "सर, बाईंचं कुकर कुटं ठिवलंय ते सांगून येऊ का?" सर म्हणायचे, "या." दुसरं काय म्हणणार?

अ‍ॅपवर मात्र शंभर टक्के. पोरांना बटण दाबायची संधीच मिळेना.

"सर, बाबा मला दाबू देत न्हाईत," करिष्मानं तक्रार केली.

"तुझी बोटं घामट हायेत," नवशा म्हणाला. "काच खराब व्हती."

सर घरी जाऊन विचारात पडायचे. हा आपला अपमान चाललाय की सन्मान, हेच त्यांना ठरवता येईना. इतक्या वर्षांत भूमितीच्या तासाला कुणी आपण होऊन आलं नव्हतं, आणि आता दरवाजा लोटावा लागत होता. ते हजेरी घेताना पालकांचीही नावं पुकारू लागले. एका सोमवारी नवशा गैरहजर होता. करिष्मानं उठून चिठ्ठी दिली. 'माझ्या वडिलांना ताप आल्यामुळे ते दोन दिवस शाळेत येऊ शकणार नाहीत. तरी त्यांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. वडिलांची पालक, कु. करिष्मा.' सरांनी ती दोनदा वाचली आणि खाली 'मंजूर' लिहून सही केली. सही झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर चिठ्ठी फाईलला लागली होती.

बरा होऊन नवशा परतला तो पायथागोरसच्या दिवशी. सरांनी फळा भरून सिद्धता मांडली. मग अ‍ॅपवर प्रश्न आला : काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू तीन आणि चार, तर कर्ण किती? प्रश्न नीट उमटायच्या आत नवशानं पाच दाबलं.

सरांचा आवाज चढला. "नवशा, कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई सर."

"वाचता येतं तुम्हाला?"

"आकडं कळत्यात तेवढं. तीन-चार दिसलं की पाच. गुन्या हाय की ह्यो."

"काय आहे?"

"गुन्या," नवशा समजावून सांगू लागला. समोर मोठा माणूस आहे, पण बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही, अशा सुरात. "बंगल्याचा पाया आखायचा तर कोपऱ्यातनं तीन फूट हिकडं, चार फूट तिकडं खुना करायच्या. तिरकी दोरी पाच फूट भरली, की कोपरा गुन्यात. न्हाईतर भित वाकडी जाती." त्यानं खिशातून सुतळी आणि टेप काढला. "दावू का?"

त्यानं वर्गाचाच कोपरा धरला, फळ्याच्या डाव्या अंगाचा. तीन फूट, चार फूट. गेणूनं एक टोक धरलं, पुतळाबाईनं खडूनं खुणा केल्या. तिरकी दोरी पाच फूट भरून वर एक बोट उरली.

"सर," नवशा हळूच म्हणाला, "तुमची खोली गुन्यात न्हाई."

सरांनी स्वतः टेप लावून पाहिला. अठ्ठावीस वर्षं ते त्याच कोपऱ्याला नजर लावून फळ्यावर लंब टाकत आले होते. "सर, काटकोन जरा कलल्यासारखा दिसतोय," असं दरवर्षी एखादं पोर म्हणायचं आणि सर त्याला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगायचे. किती जणांना उगाच चष्मे लागले असतील? क्षणभर त्यांना तोंड लपवावंसं वाटलं. मग त्यांनी धोतर नसल्यामुळे पँटच गुडघ्याशी आवळली, आणि जमिनीवर बसत म्हणाले, "समोरचा कोपरा धरा."

तालुक्याचे साहेब नेमके तेव्हा दारात उभे राहिले. शंभर टक्के सहभागाची शाळा पाहायला ते मुद्दाम आले होते. त्यांना दिसलं ते असं : मोठी माणसं सुतळ्या धरून रांगताहेत, दहावीची मुलं खिडक्यांवर बसून टाळ्या देताहेत, आणि शिक्षक जमिनीवर पालथे पडून एका डोळ्यानं दोरीकडे बघताहेत.

"विद्यार्थी कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हे काय," सर पडल्यापडल्याच म्हणाले.

साहेब समोरच्या पुतळाबाईकडे वळले. "तुम्ही कितवीत?"

पुतळाबाई गडबडली. "मी दहावीत. म्हंजी पोरगी दहावीत, साहेब. फोन माजा हाय."

साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि शेरेबुकात लिहिलं : 'पालकांचा सहभाग समाधानकारक. इमारत तपासून घ्यावी.'

महिनाभरात कुठल्याशा कंपनीनं दिलेले बावीस टॅब शाळेत पोचले. पालकांची गरज संपली. नवशा कामावर गेला, गेणू पाहुण्यांत रमला. मुलं बाकांवर बसून मुकाट्यानं बटणं दाबू लागली. सहभाग नव्वद टक्के. "शंका आहे का?" सरांनी विचारलं. कुणाला नव्हती. सरांना तास खायला उठला. चौथ्या दिवशी त्यांनी टॅब कपाटात ठेवले, सगळ्यांच्या हाती सुतळी दिली आणि शाळेचं मैदान मोजायला काढलं. लेखी खुलासा द्यावा लागला, तो त्यांनी दिला. त्यासोबत मैदानाचा नकाशा जोडला.

मैदान मोजणं चाललेलं असतानाच पुतळाबाई फाटकाशी येऊन उभी राहिली.

"लेकीला न्यायला आलात?" सरांनी विचारलं.

"न्हाई." ती पदराशी चाळा करत राहिली. "सर, बाहेरून दहावी करत्यात म्हनं. त्यो सतरा नंबरचा फॉर्म. माजी पाचवी झालीय भाजे गावच्या शाळंत. दाखला हाय."

सर तिला सावलीत घेऊन गेले, ऑफिसातून फॉर्म आणवला आणि बाकावर बसून स्वतः भरू लागले. नाव, जन्मतारीख, पत्ता. विषयांच्या रकान्याशी आल्यावर तिनं पुढे वाकून विचारलं, "परीक्षेला मोबाईल आत घिऊ देत्यात का?"

"अजिबात नाही."

"मग बरं झालं," पुतळाबाई म्हणाली. "तीन तास तरी कुनी हाक मारनार न्हाई."