मामाचे फुकाचे दात

माझा मामा जॅझ वाजवतो, ट्रॉम्बोनवर. अकोल्यात हे सांगितलं की आधी ट्रॉम्बोन म्हणजे काय ते सांगावं लागतं, मग जॅझ म्हणजे काय ते. त्यापेक्षा आई सरळ "माहा भाऊ जहाजावर वाजवते" म्हणून मोकळी होते. तेही खोटं नाही. वरातीच्या बँडमधून तो मुंबईच्या हॉटेलांत गेला, तिथून प्रवासी बोटींवर, आणि केस पिकल्यावर अकोल्याला परत आला.

ट्रॉम्बोन म्हणजे फुंकायचा पितळी बाजा, पण त्याला बटणं नसतात. लांब नळी पुढेमागे सरकवायची आणि सूर कुठे आहे ते हातानेच ओळखायचं. मामा डाव्या हातात नारळाची करवंटी धरून वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडावर तिची उघडझाप करायचा आणि ते चक्क बोलायचं. तो सुट्टीवर आलेला असताना मी रुसून बसले की ट्रॉम्बोन विचारायचा, "काऊन वं?" का गं, काय झालं, असं अगदी वऱ्हाडी हेल काढून. मग कसला राग टिकतोय! मामा जग फिरून आला, पण त्याचं वाद्य परकं झालं नाही, याचा मला फार अभिमान आहे.

मागच्या वर्षी त्याचे वरचे पुढचे दात गेले. ओठाला आतून आधारच उरला नाही, फुंकलं की नुसती हवा. त्याने वाद्य पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

"आता मी आयकाले उरलो," म्हणाला.

मला ते सहन होईना. समजूत घालणं मला जमत नाही. मी अमरावतीच्या एका दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मामाला पेटीसकट एसटीत बसवलं.

दवाखान्यात टेबलापाशी बसलेल्या मुलीने काय काम आहे विचारलं.

"मले फुकाचे दात पाह्यजेत," मामा म्हणाला.

"फुकाचे सरकारी दवाखान्यात भेटतेत!" ती तडकली.

बिचाऱ्याला कळेचना, ही भडकली कशाने. मी कपाळाला हात लावला. "अगं, फुकट नाही, फुंकायचे! बाजा फुंकायला दात हवेत त्यांना."

"दातानं चावतेत, फुकत नाईत," ती म्हणाली आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी माप घेतलं. दात बसवायला पुन्हा गेलो तेव्हा विचारलं, "काका, जेवता येईल ना नीट?"

"जेवाचं माहं मी पाहून घेईन. आवाज निंगाले पाह्यजे."

"मग वाजवूनच बघा."

मामाने पेटी उघडली. फुंकलं. फुस्स. डॉक्टरांनी दात काढून थोडे घासले, परत बसवले. पुन्हा फुस्स. मामाच्या कपाळावर घाम आला. मी देव मानत नाही, तरी मनात हात जोडले. आणखी थोडं घासून झालं, आणि मग एक जाड, खोल सूर निघाला आणि खिडकीची काच थरथरली. मला रडूच फुटलं.

मामाने खिशातून करवंटी काढली. ती त्याने घरून निघताना कधी घेतली होती, मला पत्ताच नव्हता.

हा काय गोंधळ म्हणून ती मुलगी कानांवर हात ठेवून दारात आली होती. मामाने ट्रॉम्बोन तिच्याकडे वळवला.

"काऊन वं?"

तिचे हात खाली आले.

"काई नाई जी," ती म्हणाली. मामाला नाही, ट्रॉम्बोनला.